स्मरणिकेचे मुखपृष्ठ छापताना: पडद्यापासून कागदापर्यंतची रंगांची परिभाषा

गणेशोत्सव मंडळाची, शाळेची किंवा गृहनिर्माण संस्थेची स्मरणिका काढायचे ठरले की "याला संगणक येतो" अशा कोणावर तरी ते काम येऊन पडते. तो हौसेने मुखपृष्ठ तयार करतो, पेन ड्राइव्ह घेऊन छापखान्यात जातो आणि तिथे त्याला एकामागून एक प्रश्न ऐकू येतात: फाइल आरजीबी आहे की सीएमवायके, ब्लीड सोडले आहे का, फॉन्ट कर्व्ह केले आहेत का, फोटो किती डीपीआयचे आहेत? यांतला एकही शब्द अवघड नाही. मात्र ते सगळे एकदम आणि शेवटच्या दिवशी कानावर पडतात. म्हणून येथे हे शब्द, एखादे छायाचित्र मोबाइलमधून निघून कागदावर उतरेपर्यंत ज्या क्रमाने भेटतात, त्याच क्रमाने घेतले आहेत. उदाहरण एकच धरू: ए-४ आकाराची स्मरणिका, ऑफसेटवर (प्रत्येक रंगाच्या वेगळ्या धातूच्या प्लेटवरून शाई कागदावर नेणाऱ्या यंत्रावर) छापलेले चार रंगी मुखपृष्ठ, त्यावर झेंडूच्या तोरणाखालच्या मूर्तीचे मोबाइलने काढलेले छायाचित्र, आणि आतल्या पानांत मंडळाची काही जुनी कृष्णधवल छायाचित्रे.

आधी पिक्सेल मोजावेत

डिजिटल छायाचित्र म्हणजे बारीक रंगीत चौकोनांचा तक्ता असतो आणि त्यातल्या एका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात एका बाजूला ४००० आणि दुसऱ्या बाजूला ३००० पिक्सेल असतात. या तक्त्याला स्वतःची अशी इंचातली लांबी-रुंदी नसते. तो कागदावर केवढा छापायचा हे आपण ठरवल्यावर एका इंचात किती पिक्सेल बसतात ते ठरते आणि त्या संख्येला पीपीआय म्हणतात. चांगल्या कागदावरच्या ऑफसेट छपाईसाठी, छापायच्या प्रत्यक्ष आकारात ३०० पीपीआय असावेत असा सर्वत्र पाळला जाणारा नियम आहे. ए-४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, अर्थात सुमारे ८.२७ × ११.६९ इंच, त्यासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. उभे धरून काढलेले ३००० × ४००० पिक्सेलचे छायाचित्र त्याला पुरते. पण त्यातला निम्मा भाग कापून फक्त मूर्ती ठेवली, तर तेच छायाचित्र पुरत नाही. कापल्यानंतर उरलेले पिक्सेल मोजावेत, मूळ छायाचित्राचे नव्हे.

संगणकावर छायाचित्र उघडले की पुष्कळदा ७२ हा आकडा दिसतो आणि नवखा माणूस घाबरतो. तो आकडा केवळ फाइलवर चिकटवलेली चिठ्ठी आहे. आकार बदलण्याच्या चौकटीत रीसॅम्पल हा पर्याय बंद ठेवून ७२ च्या जागी ३०० लिहिले तर पिक्सेल तेवढेच राहतात आणि छापल्यावर होणारा आकार तेवढा लहान दिसू लागतो, आणि तोच खरा आकार असतो. रीसॅम्पल चालू ठेवून ३०० लिहिले, तर मात्र सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने नवे पिक्सेल भरते. छायाचित्र आकाराने वाढते, पण त्यात नसलेला तपशील त्यामुळे येत नाही.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली छायाचित्रे हा सर्वांत नेहमीचा घोळ आहे. फोटो म्हणून पाठवलेले चित्र पाठवताना लहान केले जाते आणि त्याची लांब बाजू सहसा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. १६०० ला ३०० ने भागले की सव्वापाच इंच येतात; आतल्या पानावरच्या लहान चौकटीला ते चालेल, मुखपृष्ठाला नाही. म्हणून छायाचित्रे मागवतानाच ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावीत, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.

जुन्या छायाचित्रांचे स्कॅनिंग करतानाही हाच हिशेब लागतो. तीन इंच रुंदीचे छायाचित्र स्मरणिकेत सहा इंच रुंद छापायचे असेल, म्हणजे दुप्पट करायचे असेल, तर स्कॅनही दुप्पट, ६०० वर करावे. सही, शिक्का किंवा रेखाचित्र यांच्या कडा तीक्ष्ण दिसाव्या लागतात, त्यामुळे ती १२०० वर स्कॅन करणे बरे. वर्तमानपत्राचे कात्रण मात्र सावधपणे घ्यावे, कारण ते आधीच ठिपक्यांत छापलेले असते. ते स्कॅन करून पुन्हा छापले की जुने आणि नवे ठिपके एकमेकांत अडकून कापडावरच्या लहरींसारखी नक्षी उमटते. तिला मॉयरे म्हणतात. स्कॅनरमध्ये डीस्क्रीन नावाची सोय असते, तिने हा दोष कमी होतो, पण चित्र थोडे मऊ पडते.

पीपीआय आणि डीपीआय यांत शास्त्रीय फरक आहे: पहिला शब्द चित्रातल्या पिक्सेलांचा, दुसरा यंत्र उमटवते त्या ठिपक्यांचा. छापखान्यात मात्र दोन्हीला सर्रास डीपीआय म्हणतात. अर्थ समजून घ्यावा, वाद घालू नये.

पडद्यावरचा रंग: आरजीबी

मोबाइलचा आणि संगणकाचा पडदा प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमी-अधिक मिसळून तो सगळे रंग दाखवतो. तिन्ही पूर्ण लावले की पांढरा, तिन्ही बंद केले की काळा. या पद्धतीला आरजीबी म्हणतात आणि प्रत्येक प्रकाशाच्या वेगळ्या थराला चॅनेल म्हणतात. नेहमीच्या आठ बिटच्या चित्रात एका चॅनेलमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, म्हणून तिन्ही मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ जोड्या होतात. हा आकडा जाहिरातींत मिरवला जातो, पण त्याचा अर्थ इतकाच की रंगांना तितकी नावे देता येतात. कोणते नाव नेमक्या कोणत्या रंगाचे, हे आकड्यांवरून कळत नाही.

ते कळण्यासाठी प्रोफाइल लागते. "लाल २५५" म्हणजे नेमका किती गडद लाल, हे सांगणारे वर्णन फाइलसोबत जोडलेले असते, तेच प्रोफाइल. एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडलेले एसआरजीबी हे यांतले सर्वांत रुळलेले. ॲडोबी आरजीबी हे १९९८ चे आणि त्याहून रुंद, विशेषतः हिरव्या-निळसर बाजूला. आयफोन आपली छायाचित्रे डिस्प्ले पी-३ नावाच्या, एसआरजीबीपेक्षा रुंद वर्णावकाशात, म्हणजे अधिक रंग मावणाऱ्या कलर स्पेसमध्ये, साठवतो. अशा चित्राचे प्रोफाइल वाटेत गळून पडले, तर पुढचा संगणक तेच आकडे एसआरजीबी समजून वाचतो आणि झेंडू फिका दिसू लागतो. चित्र बिघडलेले नसते, चुकीचे वाचले गेलेले असते.

येथेच दोन आज्ञांमधला फरक पक्का करून घ्यावा. असाइन प्रोफाइल या आज्ञेने आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. कन्व्हर्ट टू प्रोफाइल या आज्ञेने रंग शक्य तितका तोच राखून आकडे बदलले जातात. प्रोफाइल नसलेल्या चित्राला असाइन करावे आणि एका वर्णावकाशातून दुसऱ्यात नेताना कन्व्हर्ट करावे. उलट केले की रंग बिघडतात आणि दोष छापखान्यावर येतो.

कागदावरचा रंग: सीएमवायके

कागद प्रकाश देत नाही, त्याच्यावर पडलेला प्रकाश परत पाठवतो. शाई त्या प्रकाशातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून छपाईचे मूळ रंग वेगळे आहेत: लाल प्रकाश गिळणारा सायन, हिरवा गिळणारा मॅजेंटा आणि निळा गिळणारा यलो. सिद्धान्ताप्रमाणे तिन्ही एकावर एक पूर्ण छापले की काळा यायला हवा. प्रत्यक्ष शाया तितक्या शुद्ध नसतात, त्यामुळे मळकट तपकिरी येतो. शिवाय साध्या मजकुरासाठी तीन शाया वापरणे महाग आणि जोखमीचे. म्हणून चौथी काळी शाई आली. तिचे अक्षर के, आणि ते की या शब्दाचे मानले जाते, कारण बाकीचे रंग ज्या मुख्य प्लेटशी जुळवले जात तिला की प्लेट म्हणत. सीएमवायकेमध्ये प्रत्येक शाई टक्क्यांत मोजतात: शून्य म्हणजे कोरा कागद आणि शंभर म्हणजे शाईचा सलग थर.

चार शायांत सगळे रंग बसवण्याची ही सवय आपल्याकडे उशिराची. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या छापखान्यात शिळाछपाईने देवादिकांची चित्रे निघत, तेव्हा प्रत्येक रंगछटेसाठी वेगळा दगड तयार करावा लागे. आजच्या चार प्लेट हा त्याच कल्पनेचा काटकसरी अवतार म्हणता येईल, आणि काटकसरीची किंमतही असते. चार शायांनी मिळून जेवढे रंग दाखवता येतात त्या आवाक्याला गॅमट म्हणतात आणि तो पडद्याच्या गॅमटपेक्षा बऱ्याच ठिकाणी अपुरा पडतो. तळपता भगवा, गुलालाचा झगझगीत गुलाबी, पोपटी आणि गडद निळा हे आपल्या उत्सवांचे लाडके रंग नेमके त्या कुंपणाबाहेर जातात. पडद्यावर पेटलेला दिसणारा झेंडू कागदावर शांत होतो. त्यात ऑपरेटरचा दोष नाही आणि "थोडा रंग वाढवा" असे सांगूनही तो परत येत नाही, कारण यलो आधीच शंभर टक्के असतो आणि मॅजेंटा वाढवला तर भगव्याचा लाल होतो.

निळ्याचे दुखणे वेगळे आहे. पडद्यावरचा शुद्ध निळा सीएमवायकेमध्ये आणला की सायन आणि मॅजेंटा दोन्ही भरपूर येतात आणि छापल्यावर आकाश जांभळे दिसते. माझ्या पहिल्याच मुखपृष्ठावर रात्रीचे निळे आभाळ वांग्याच्या रंगाचे झाले होते आणि मी चार दिवस छापखान्याला दोष देत फिरत होतो. फाइल उघडून आकडे पाहिले असते तर एका मिनिटात समजले असते. निळा निळाच राहायला हवा असेल, तर मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवावा.

रूपांतर करताना गॅमटबाहेरच्या रंगांचे काय करायचे, हे रेंडरिंग इंटेंट ठरवते. नवख्याने दोनच लक्षात ठेवावेत. पर्सेप्च्युअल सगळेच रंग थोडे थोडे आत ओढते, त्यामुळे छटांमधले परस्पर अंतर टिकते. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक आत बसणारे रंग जागेवर ठेवते आणि बाहेरचे कुंपणापाशी आणून सोडते. झेंडूच्या तोरणात पाकळ्यांचे थर दिसायला हवेत, म्हणून तेथे पहिले वापरून पाहावे, कारण दुसऱ्याने सगळ्या पाकळ्या एकाच नारिंगी डागात मिसळण्याचा धोका असतो. कोणत्या प्रोफाइलमध्ये रूपांतर करायचे हे मात्र स्वतः ठरवू नये. चकचकीत आर्ट पेपरचे प्रोफाइल वेगळे आणि खडबडीत मॅपलिथोचे वेगळे. ते छापखान्याला विचारावे. तेथे उत्तर मिळाले नाही, तर चित्रे आरजीबीतच, प्रोफाइलसह द्यावीत आणि रूपांतर त्यांच्याकडे करू द्यावे. मूळ आरजीबी फाइल कोणत्याही परिस्थितीत जपून ठेवावी, कारण सीएमवायकेमध्ये गेलेले रंग उलट रूपांतराने परत येत नाहीत.

एका जागी चारही शायांची मिळून जी बेरीज होते तिला एकूण शाई म्हणतात. चारही शंभर धरल्या तर ४०० टक्के; इतकी शाई कागद पचवू शकत नाही, ती वाळत नाही आणि गठ्ठ्यात वर येणाऱ्या कागदाची पाठ डागाळते. आर्ट पेपरला साधारण ३०० ते ३२० आणि वर्तमानपत्राच्या कागदाला सुमारे २४० ही मर्यादा धरतात. काळी पार्श्वभूमी भरदार हवी असेल, तर नुसत्या १०० टक्के काळ्याने ती करडी वाटते; त्याऐवजी सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४० आणि काळा १०० असे मिश्रण घ्यावे. त्याला रिच ब्लॅक म्हणतात आणि त्याची बेरीज २४० होते. सॉफ्टवेअरच्या रंगपट्टीत रजिस्ट्रेशन नावाचा एक काळा दिसतो, तो मात्र कधीही भरू नये. तो चारही प्लेटवर पूर्ण उमटणारा रंग आहे आणि फक्त प्लेट जुळवण्याच्या व कागद कापण्याच्या खुणांसाठी असतो.

ठिपके, रेषा आणि कोन

ऑफसेट यंत्राला फिकी शाई लावता येत नाही. ते एकतर शाई लावते किंवा लावत नाही. मग ३० टक्के मॅजेंटा येतो कुठून? तो लहान ठिपक्यांतून येतो: मधे कागद मोकळा राहतो आणि डोळा दोन्ही मिसळून गुलाबी पाहतो. याला हाफटोन म्हणतात. खिशातले भिंग काढून कोणत्याही रंगीत दिनदर्शिकेकडे पाहिले की पुढचे सगळे समजते.

एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी, हे एलपीआयने मोजतात. वर्तमानपत्राला ८५ ते १००, आर्ट पेपरला १५० ते १७५. चित्राचे पीपीआय एलपीआयच्या दीडपट ते दुप्पट असावेत असा संकेत आहे, आणि ३०० हा आकडा १५० च्या दुपटीतूनच आला आहे. प्लेट तयार करणारे यंत्र २४०० डीपीआयवर चालत असेल आणि १५० एलपीआय ठेवले असेल, तर एका ठिपक्यासाठी १६ × १६ बारीक घरे मिळतात, म्हणजे २५६ घरे. जितकी भरली तितका ठिपका मोठा. पीपीआय, डीपीआय आणि एलपीआय ही तीन वेगळी मापे एकाच कामात का लागतात, याचे उत्तर या एका गणितात आहे.

चारही रंगांच्या ओळी एकाच दिशेने टाकल्या तर मॉयरे होईल, म्हणून प्रत्येकीला वेगळा कोन देतात: सायन १५ अंश, काळा ४५, मॅजेंटा ७५ आणि यलो ०. ही काळजी छापखाना घेतो. ठिपका कागदावर पसरून मोठा होतो, तो डॉट गेन. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवरही ६० च्या वर दिसतो आणि मॅपलिथोवर आणखी वाढतो. आतली पाने मॅपलिथोवर असतील तर जुनी कृष्णधवल छायाचित्रे मधल्या छटांत थोडी उजळ करूनच द्यावीत, नाहीतर चेहरे काळवंडतात.

देवनागरी मजकुराची वेगळी काळजी

चार प्लेट कागदावर एकमेकींवर अचूक बसणे म्हणजे रजिस्ट्रेशन. यंत्र वेगात असताना एखादी प्लेट केसभर सरकते आणि रंगाच्या कडेला दुसऱ्या रंगाची सावली दिसते; छापखान्यात याला रजिस्टर हलणे म्हणतात. छायाचित्रात ते खपून जाते, बारीक अक्षरांत खपत नाही. म्हणून मजकूर शून्य, शून्य, शून्य आणि काळा १०० असाच हवा. आरजीबी काळ्यातून रूपांतरित झालेला मजकूर चारही शायांत विभागला जातो आणि शिरोरेषेच्या वर-खाली रंगीत झालर येते. काळा मजकूर रंगीत पार्श्वभूमीवर असेल, तर तो ओव्हरप्रिंट ठेवावा, म्हणजे खालचा रंग सलग छापून त्यावर काळा येतो. नॉकआउटमध्ये खालच्या रंगात अक्षराच्या आकाराची जागा मोकळी सोडली जाते आणि किंचित हलले तरी पांढरी कड डोकावते.

गडद छायाचित्रावर पांढरी अक्षरे सर्वांना आवडतात, पण तेथे आजूबाजूच्या चारही शाया अक्षराच्या आत सरकतात. रोमन अक्षर तरीही वाचता येते. आपल्याकडे अनुस्वाराचे टिंब बुजले तर शब्दच बदलतो, आणि रफार व अर्धचंद्र प्रथम बळी पडतात. असा मजकूर जाड वळणाच्या फॉन्टमध्ये घ्यावा आणि नऊ-दहा पॉइंटपेक्षा लहान ठेवू नये, असे माझे मत आहे. अंतिम फाइल देण्यापूर्वी फॉन्ट कर्व्ह करावेत, म्हणजे अक्षरांचे रूपांतर आकारांत होते आणि दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे फुटत नाहीत. कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मुद्रितशोधन त्याआधी संपलेले असावे आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवलेली असावी.

मंडळाच्या बोधचिन्हाचा भगवा दरवर्षी तोच यायला हवा असेल, तर स्पॉट कलर विचारात घ्यावा. ही आधीच मिसळून आणलेली वेगळी शाई असते, चारांच्या ठिपक्यांतून बनत नाही. १९६३ मध्ये आलेल्या पॅन्टोनच्या क्रमांकांनी ती ओळखली जाते. क्रमांकापुढचे सी हे अक्षर चकचकीत कागदासाठी आणि यू साध्या कागदासाठी. पाचवी प्लेट लागते, खर्च वाढतो. सोनेरी शाईचा मार्गही हाच आहे, कारण चार शायांतून सोनेरी येत नाही, पिवळट तपकिरी येतो.

फाइल बांधणे

छापलेला कागद कटिंग यंत्रावर कापला जातो आणि ते पातेही अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होते. मुखपृष्ठाचे चित्र कडेपर्यंत न्यायचे असेल, तर ते प्रत्येक बाजूला ३ मिलिमीटर जास्त असावे. हा जादा भाग म्हणजे ब्लीड. आपल्या ए-४ पानाची फाइल म्हणून २१६ × ३०३ मिलिमीटरची होईल. कुठे कापायचे ते दाखवणाऱ्या कोपऱ्यांतल्या बारीक रेघा म्हणजे क्रॉप मार्क. तसेच आतल्या बाजूलाही किमान पाच मिलिमीटर कोणताही मजकूर ठेवू नये. कडेला लागून छापलेली बारीक चौकट तर टाळावीच. कापताना ती एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक होते.

जेपीईजी फाइल प्रत्येक वेळी नव्याने साठवताना काही तपशील गमावते, म्हणून कामाच्या दरम्यान टिफ किंवा सॉफ्टवेअरची मूळ फाइल वापरावी. छापखान्याला पीडीएफ द्यावी. रंगांचे रूपांतर आपणच केले असेल, तर ती पीडीएफ एक्स-१ए प्रकारची असावी; या छपाईसाठीच्या प्रमाणात फॉन्ट आतच राहतात आणि आरजीबी रंग चालत नाहीत, त्यामुळे राहून गेलेल्या चुका आधीच पकडल्या जातात.

प्रूफ पाहताना

सॉफ्ट प्रूफ म्हणजे छापखान्याचे प्रोफाइल लावून पडद्यावरच छापील रंगाचा अंदाज घेणे. पडदा पूर्ण उजेडावर असेल तर तो अंदाज खोटा ठरतो. शेजारी कोरा कागद धरून दोघांचा पांढरेपणा जवळपास सारखा दिसेपर्यंत उजेड कमी करावा. त्यानंतर छापखाना डिजिटल यंत्रावर काढलेली प्रत देतो. ती मजकूर, पानांचा क्रम आणि मापे तपासायला उत्तम असते, पण ती वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या शाईने आणि पुष्कळदा वेगळ्या कागदावर निघालेली असते, तेव्हा तिच्यावरून भगव्याचा निवाडा करू नये.

रंग पाहण्याचा प्रमाण प्रकाश ५००० केल्विनचा मानतात. छापखान्यात तशी पेटी नसेल तर प्रूफ दिवसा, ढगाळ उजेडात खिडकीशी न्यावे. पिवळ्या दिव्याखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात. मुखपृष्ठावर लॅमिनेशन होणार असेल तर तेही हिशेबात धरावे, कारण ग्लॉसने रंग गडद होतात आणि मॅटने काळा किंचित धुरकट दिसतो.

शक्य असेल तर मुखपृष्ठ यंत्रावर चढेल त्या वेळी तिथे हजर राहावे. पहिले शंभर-दोनशे कागद शाई आणि रजिस्टर जुळवण्यातच जातात, त्यांकडे पाहून घाबरू नये. रंग स्थिरावल्यावर यंत्रचालक एक कागद समोर ठेवतो. त्यावर प्रथम भिंगाने कोपऱ्यातल्या खुणा एकमेकींवर बसल्या आहेत का ते पाहावे, मग मूर्तीचा चेहरा, आणि झेंडू सर्वांत शेवटी. पटले की त्या कागदावर सही, तारीख आणि कागदाचे नाव व जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) लिहावे; एक प्रत त्यांच्यासाठी आणि एक आपल्यासाठी, पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेच्या वेळी दाखवायला.